औषधालाही काळवेळ असते

पडसे औषध घेतल्यास सात दिवसांत बरे होते आणि न घेतल्यास आठवड्यात, असे गमतीने म्हटले जाते. या गमतीत शास्त्रीय सत्याचा मोठा अंश आहे. औषधाची बाटली उघडली जाण्यापूर्वीच नाका-घशाच्या अस्तरातील पेशींनी विषाणूशी सामना सुरू केलेला असतो आणि बहुतेक वेळा तो त्याच जिंकतात. या सामन्याला स्वतःचे असे एक वेळापत्रक असते. ते ध्यानात न घेता केलेला उपचार कधी निरुपयोगी ठरतो, तर कधी घातक. कोविडच्या साथीने हा धडा फार मोठी किंमत वसूल करून शिकवला. तो विस्मृतीत जाऊ नये यासाठी त्यामागील शास्त्र सर्वसामान्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

नाकापासून फुप्फुसातील बारीक नळ्यांपर्यंत श्वासमार्गाला पेशींचे अखंड अस्तर असते. त्यातील काही पेशी चिकट श्लेष्मा तयार करतात. काहींच्या माथ्यावर प्रत्येकी सुमारे दोनशे सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. हे तंतू सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि धूळ व जंतू अडकलेला श्लेष्मा घशाकडे लोटत राहतात. अस्तराच्या तळाशी असलेल्या पेशी झीज भरून काढतात. माणूस दिवसभरात सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. ती सारी या अस्तरावरून जाते. या केरसुणीतून निसटलेला विषाणू पेशीच्या पृष्ठभागावर आपल्याला अनुकूल असा आधार शोधतो. फ्लूचा विषाणू तेथील एका शर्करेला चिकटतो, तर कोविडचा विषाणू एसीई-२ नावाच्या प्रथिनाला.

येथपर्यंत पेशी केवळ भिंतीसारखी वाटते. परंतु विषाणू आत शिरताच तिचे दुसरे रूप प्रकट होते. पेशीच्या आत काही प्रथिने सतत जागता पहारा देत असतात. विषाणूचे आरएनए आढळताच ती खूण ओळखतात आणि पेशी इंटरफेरॉन हे द्रव्य बाहेर सोडू लागते. १९५७ मध्ये लंडन येथे ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या अंड्यातील पडद्यावर फ्लूच्या विषाणूचे प्रयोग करताना या द्रव्याचा शोध लावला. विषाणूच्या वाढीत अडथळा आणणारे म्हणून त्याला हे नाव मिळाले. इंटरफेरॉन विषाणूला स्वतः मारत नाही. ते शेजारच्या पेशींना सावध करते. त्या सावध पेशींतील शेकडो जनुके कार्यान्वित होतात आणि विषाणूला त्यांच्यात आपल्या प्रती काढणे कठीण होऊन बसते. बाधित पेशी स्वतः बहुधा वाचत नाही. पण मरण्यापूर्वी ती शेजारधर्म पाळते.

विषाणूही स्वस्थ बसत नाहीत. फ्लूच्या विषाणूकडे हा इशारा दाबून टाकणारे एक खास प्रथिन आहे. कोविडच्या विषाणूकडे तर अशी अनेक आहेत. इशारा आधी पोहोचतो की विषाणू आधी पसरतो, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या नाकात कोविडचा विषाणू मुद्दाम सोडून त्यांचे निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी सोळा जणांच्या पेशींचा तपशीलवार अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नाकात रोगप्रतिकारक पेशी तत्काळ जमा झाल्या, त्यांच्यातील संसर्ग अल्पजीवी ठरला; ज्यांच्यात त्या उशिरा आल्या, त्यांच्यात तो मूळ धरून बसला.

इशाराच पोहोचला नाही तर काय होते, याचा पुरावा २०२० मध्ये मिळाला. कोविडने अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांची तपासणी एका आंतरराष्ट्रीय पथकाने केली. त्यांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये आढळली. सौम्य किंवा लक्षणरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांपैकी एकाच्याही रक्तात ती सापडली नाहीत.

मात्र या संरक्षणाची दुसरी बाजूही आहे. संकटाची वर्दी मिळताच रक्तातील लढाऊ पेशी अस्तराकडे धाव घेतात, रक्तवाहिन्या फुगतात, श्लेष्मा वाढतो, ताप चढतो. साध्या पडशात रुग्णाला जो त्रास होतो, त्यातील पुष्कळसा विषाणूने केलेला नसून शरीराच्या प्रतिकाराचा असतो. हा प्रतिकार बहुतेकांत वेळेवर शमतो. काहींत तो शमत नाही. मग विषाणू ओसरू लागल्यानंतरही दाह वाढत जातो आणि फुप्फुसाची हानी करतो. एकाच आजाराच्या या दोन अवस्था होत. पहिलीत प्रतिकाराला साहाय्य हवे असते, दुसरीत त्याला आवर घालणे भाग असते.

औषधांच्या चाचण्यांनी हेच सिद्ध केले. रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांना इंटरफेरॉन देऊन पाहिले, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण घटले नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील चाचणीत दिसले. ते वरातीमागून आलेले घोडे होते. उलट ब्राझील व कॅनडा येथील चाचणीत आजाराच्या पहिल्या सात दिवसांत एका प्रकारच्या इंटरफेरॉनचा एकच डोस दिला असता, रुग्णालयात भरती होण्याचे किंवा तातडीच्या विभागात दीर्घकाळ राहावे लागण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. दाह शमवणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे गणित नेमके उलटे. २०२० मधील ब्रिटनच्या चाचणीत कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांमधील मृत्यू त्यामुळे शेकडा ४१ वरून २९ वर आले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र त्याचा काहीही लाभ झाला नाही. औषध तेच, अवस्था बदलली की त्याचे मोल बदलते.

भारतात २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नेमका हा विवेक सुटला. स्वस्त आणि सहज मिळणारे हे औषध घरीच उपचार घेणाऱ्या, प्राणवायूची पातळी उत्तम असलेल्या असंख्य रुग्णांना पहिल्याच दिवसांत दिले गेले. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात या प्रकाराविरुद्ध जाहीर इशारा दिला. तोवर म्युकरमायकोसिसने, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘काळ्या बुरशी’ने, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत थैमान घातले होते. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा काढावा लागला. या आपत्तीचे सारे खापर स्टेरॉइडवर फोडणे अन्यायाचे होईल. अनियंत्रित मधुमेह हेही तिचे प्रमुख कारण होते. परंतु स्टेरॉइड रक्तातील साखर वाढवते आणि प्रतिकार दुबळा करते, हे वैद्यकाला तेव्हाही अज्ञात नव्हते. रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला, तो ज्ञानाच्या अभावामुळे नव्हे.

प्रतिजैविकांची कथा याहून जुनी. ती जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. पडशावर ती देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ॲझिथ्रोमायसिनचा कोविडवर उपयोग होत नाही, असे ब्रिटनमधील चाचण्यांनी २०२१ मध्ये दाखवले. तोपर्यंत या गोळ्या घरोघर पोहोचल्या होत्या. काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषध विक्रेत्यांवर २०१४ पासून बंधनकारक आहे. मागणीच अवाजवी असेल तर केवळ नोंदवह्यांनी ती कशी थोपणार?

ही मागणी करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. रोजावर काम करणाऱ्याला आठ दिवस घरी बसणे परवडत नाही. त्याला उद्या उभे राहायचे असते. दारात रांग लागलेल्या डॉक्टरला ‘थांबा’ हे समजावून सांगण्यापेक्षा गोळी लिहून देणे सुकर वाटते. आजारपणाची भरपगारी रजा ज्यांना नाही, त्यांच्याकडून धीराची अपेक्षा करणे अवघडच. म्हणूनच हा प्रश्न डॉक्टरच्या चिठ्ठीपुरता मर्यादित नाही. तो श्रमिकांच्या सुरक्षिततेचाही आहे.

थांबणे म्हणजे हयगय करणे नव्हे. श्वास लागणे, प्राणवायूची पातळी उतरणे, ताप उतरून पुन्हा चढणे, गुंगी येणे ही दुसऱ्या अवस्थेची किंवा नव्या संसर्गाची लक्षणे असू शकतात आणि तेव्हा एक दिवसाचा विलंबही महाग पडतो. वृद्ध, मधुमेही आणि दमेकरी यांनी तर आरंभापासूनच वैद्यकीय देखरेखीखाली राहावे. आजार कोणत्या टप्प्यावर आहे, हा प्रश्न डॉक्टरने स्वतःला आणि रुग्णाने डॉक्टरला विचारण्याची प्रथा रूढ झाली पाहिजे. पुढील साथीचा विषाणू कोणता असेल, हे आज सांगता येणार नाही. परंतु तो श्वासावाटे येणारा असेल, तर त्याची पहिली गाठ याच अस्तराशी पडेल. तेव्हा कोणते औषध द्यावे याबरोबरच ते केव्हा देऊ नये, याचेही भान वैद्यकाला आणि समाजाला असले, तर २०२१ मध्ये गमावलेल्या डोळ्यांचे मोल काही अंशी तरी जाणले असे म्हणता येईल.