पियानोविना त्रिकूट: 'स्ट्रेंज हेवन्स'

'स्ट्रेंज हेवन्स' हा लिंडा मे हान ओ यांचा २०२५ मधला जॅझ अल्बम. मलेशियात जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये वाढलेल्या लिंडा डबल बेस वाजवतात. सोबत अँब्रोज अकिनमुसिरे यांचा ट्रम्पेट आणि टायशॉन सोरी यांचे ड्रम्स. पियानो नाही, गिटारही नाही. २००९ च्या 'एंट्री' या त्यांच्या पहिल्या अल्बममध्येही वाद्ये हीच होती, आणि ट्रम्पेटवर अकिनमुसिरेच. स्वरमेळ भरायला दुसरे कोणी नसल्याने ते काम बेसवर येते: ट्रम्पेटचा सूर जागचा हलत नाही, खाली बेसचा स्वर तेवढा सरकतो आणि वरच्या सुराचा रंगच पालटतो. बहुतेक रचना लिंडा यांच्याच. जेरी ॲलन आणि मेल्बा लिस्टन यांच्याही रचना आहेत. ऐकायला हेडफोन मात्र हवेतच. मोबाइलच्या स्पीकरवर बेस जवळपास गायब होतो.