इस्रोचं शिबिर मे महिन्यात, मग शिवथरच्या मुलांची संधी मार्चमध्येच का हुकते?

मे महिना लागला की महाड-पोलादपूरच्या गावांत मुंबईचे चाकरमानी उतरतात. शिवथर खोऱ्यातही तेच. रात्री अंगणात गप्पा रंगतात आणि मुंबईच्या शाळेतून नववी उरकून आलेलं एखादं भावंडं सांगतं, "आमच्या वर्गातल्या एकाने इस्रोच्या कॅम्पला अर्ज केला होता." गावच्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलाने हे पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. तोवर अर्जाची मुदत कधीच संपलेली असते.

खरी चुटपुट पुढे आहे. या कार्यक्रमाच्या निवडीत गावातल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना जास्तीचे गुण मिळतात. म्हणजे ज्याला फायदा आहे, त्यालाच पत्ता नाही.

हा कार्यक्रम काय आहे, अर्ज कधी करायचा आणि नववी उलटून गेली असेल तर पुढे काय, हे समजून घेऊया.

'युविका' म्हणजे काय?

युविका म्हणजे इस्रोचा 'युवा विज्ञानी कार्यक्रम'. तो २०१९ मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षी प्रत्येक राज्यातून आणि केंद्रशासित प्रदेशातून तीन-तीन मुलं निवडली होती. कोरोनामुळे दोन वर्षं खंड पडला. पुढे जागा वाढल्या आणि २०२४ मध्ये देशभरातून सुमारे ३५० मुलांना संधी मिळाली.

साधारण दोन आठवडे मुलं इस्रोच्या केंद्रात राहतात. शास्त्रज्ञांची व्याख्यानं, प्रयोग, प्रयोगशाळांची भेट असं सगळं त्यात असतं. राहणं, जेवण, साहित्य आणि प्रवासाचा खर्च इस्रो करते. मुलाला सोडायला-आणायला जाणाऱ्या एका पालकाच्या भाड्याचीही नियमांत तरतूद राहिली आहे.

अट एकच महत्त्वाची: त्या वर्षीच्या १ जानेवारीला मूल नववीत शिकत असलं पाहिजे. म्हणजे आयुष्यात संधी एकदाच मिळते.

निवड कशी होते?

लेखी प्रवेश परीक्षा नसते. अलीकडच्या माहितीपत्रकांनुसार १०० गुणांची विभागणी अशी आहे:

- आठवीचे गुण: ५०
- ऑनलाइन प्रश्नमंजूषा: १०
- विज्ञान प्रदर्शनातला सहभाग: शाळा पातळी २, जिल्हा ५, राज्य किंवा त्यावर १०
- ऑलिंपियाड किंवा तत्सम परीक्षेतला क्रमांक: जास्तीत जास्त ५
- क्रीडा स्पर्धेतलं यश: जास्तीत जास्त ५
- स्काऊट-गाईड, एनसीसी किंवा एनएसएस: ५
- पंचायत क्षेत्रातल्या ग्रामीण शाळेत शिक्षण: १५

एक साधा हिशोब करू. दोन मुलांना आठवीत ९० टक्के आहेत, म्हणजे दोघांनाही ४५ गुण. शहरातल्या मुलाने जिल्हा प्रदर्शनात भाग घेतला, त्याचे झाले ५०. गावच्या शाळेतल्या मुलाकडे प्रमाणपत्र एकही नाही, तरी त्याचे झाले ६०.

मात्र इथे मुलाचं घर कुठे आहे यापेक्षा शाळा कुठे आहे हे मोजलं जातं. शिवथर खोऱ्यातलं मूल महाड शहरात शिकत असेल, तर ती शाळा नगरपालिकेच्या हद्दीत येते. मग त्या १५ गुणांवर दावा करता येणार नाही.

अर्ज कुठे आणि कधी?

गेल्या काही वर्षांत नोंदणी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, इस्रोच्या 'अंतरिक्ष जिज्ञासा' पोर्टलवर झाली आहे. आधी ईमेलने नोंदणी, मग प्रश्नमंजूषा, मग माहिती भरून कागदपत्रं अपलोड करायची. आठवीची गुणपत्रिका आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का लागतो. खोऱ्यात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे शेवटच्या दिवसावर विसंबू नका. जानेवारीतच शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांना गाठा.

नववी उलटून गेली, आता?

युविका संपली म्हणून रस्ता संपत नाही.

- इन्स्पायर-मानक: सहावीपासूनच्या मुलांच्या नव्या कल्पनांसाठी केंद्र सरकारची योजना. नाव शाळेने ऑनलाइन पाठवायचं असतं. निवड झाली तर प्रतिकृती करायला १०,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात.
- डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा: सहावी आणि नववीसाठी. मराठीतूनही देता येते. लेखी आणि प्रात्यक्षिकानंतरच्या टप्प्यात कृती-संशोधन प्रकल्प करावा लागतो.
- इन्स्पायर शिबिरं: दहावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या, अकरावी विज्ञानाच्या मुलांसाठी साधारण पाच दिवसांची निवासी शिबिरं.

पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उन्हाळ्यात शाळकरी मुलांना आठवडाभर शास्त्रज्ञांसोबत काम करू देत आली आहे. खऱ्या अर्थाने 'इंटर्नशिप' म्हणावी अशी ही पद्धत. पण ती पुण्यातल्या शाळांपुरती आहे. रायगडच्या मुलांसाठी असं दार आपल्याच जिल्ह्यात का नसावं? माणगाव तालुक्यात लोणेरेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. महाडहून एसटीने सहज जाता येईल इतकं जवळ. उन्हाळ्यात आठवडाभर तिथल्या प्रयोगशाळा बघू देण्याची विनंती शाळेने पत्र लिहून करायला काय हरकत आहे?

फी मागणारी 'रिसर्च इंटर्नशिप' आली तर?

इन्स्टाग्रामवर अशा जाहिराती रोज दिसतात. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. मार्गदर्शक कोण, त्याचं नाव आणि संस्था काय? निवड कशी होते, की पैसे भरणारा प्रत्येक जण निवडला जातो? मूल तिथे नेमकं काय करणार? शोधनिबंध छापून देण्याची हमी आहे का? हमी असेल तर तिथेच थांबा, कारण संशोधनाचा निकाल आधी ठरत नसतो. अमेरिकेत एमआयटीमध्ये भरणारी 'रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट' जगात नावाजलेली आहे, पण तीही निवडलेल्या मुलांकडून शिकवणीचे पैसे घेत नाही.

निवड झाली नाही तरी संशोधन करता येतं का?

येतं, आणि शिवथरला विषय शोधायला लांब जायची गरज नाही.

२२ जुलै २०२१ ला महाड बुडालं, तळियेत दरड कोसळली. त्याच वेळी वर महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते आणि पोलादपूरमार्गे महाडला येते. पावसाची सरकारी नोंद साधारणपणे महसूल मंडळाच्या पातळीवर होते. एका मंडळात कितीतरी गावं येतात. डोंगराच्या या अंगाला किती पडला आणि त्या अंगाला किती, हे गावनिहाय कुणी मोजायचं?

ते शाळा मोजू शकते. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा. तळाशी खडे टाका आणि बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा. तीच शून्याची खूण. बाहेरून पट्टी चिकटवा. पागोळी आणि झाडांपासून दूर, मोकळ्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला नोंद करा, हवामान खात्याची वेळ तीच आहे. बाटलीत एक मिलिमीटर पाणी म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाऊस. कोकणातल्या पावसात बाटली भरून वाहू शकते, म्हणून जोराच्या दिवशी मधेही वाचून रिकामी करा आणि सगळे आकडे मिळवा. पूर बघायला मात्र नदीकाठी जायचं नाही.

चार गावांतल्या चार मुलांनी चार महिने हे केलं, तर हातात गावांची स्वतःची आकडेवारी येईल. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत १० ते १७ वयाच्या मुलांकडून अशाच स्थानिक प्रश्नांवरचे प्रकल्प मागवले जातात. विज्ञान प्रदर्शनातही ते मांडता येतात. आणि त्या सहभागाचे गुण वरच्या यादीत आहेतच.

थोडक्यात

मूल आता आठवीत असेल तर आठवीचे गुण जपा, यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात नाव द्या आणि प्रमाणपत्र सांभाळून ठेवा. नववीत गेल्यावर जानेवारीत शाळेत विचारा, फेब्रुवारीपासून पोर्टल बघत राहा. तारखा आणि नियम दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा.

आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा मजकूर आत्ताच टाका. पुढच्या मे महिन्यात अंगणातल्या गप्पांत इस्रोचं नाव निघेल, तेव्हा ते गावच्या मुलाने काढलेलं असू दे.