जुन्या घराचे पाणी नेमके कुठून बंद होते?

निफाडची थंडी द्राक्षबागायतदारांना रात्र रात्र जागवते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर हिवाळ्यात पारा कित्येकदा ५ अंशांखाली उतरतो आणि दुपारी तोच २५ च्या पुढे जातो. बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक चालू होते. गच्चीवरच्या पाइपकडे मात्र कुणी पाहत नाही. तापमान २५ अंशांनी उतरले, की १० मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप सुमारे पावणेदोन सेंटिमीटर आखडतो. तेवढाच लोखंडी पाइप जेमतेम ३ मिलिमीटर. जुन्या घरांत हे दोन्ही पाइप एकमेकांना जोडलेले असतात. त्यात उन्हाने ठिसूळ झालेला पीव्हीसी थंडीत आणखी कडक होतो. असा सांधा एखाद्या पहाटे सुटतो.

अर्धा इंची पाइपातून पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने वाहिले, तर मिनिटाला २१ लिटर बाहेर पडते. ५०० लिटरची टाकी २५ मिनिटांच्या आत रिकामी होते, आणि तेवढ्या वेळात प्लंबर क्वचितच पोहोचतो. पाणी घरातल्याच माणसाला बंद करावे लागते. त्यासाठी वॉल कुठे आहे हे आधी ठाऊक हवे.

इथेच जुन्या घरांचा पेच सुरू होतो. न्यायमूर्ती रानडे १८४२ मध्ये निफाडला जन्मले, त्या काळातल्या घरांच्या भिंती नळ डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या नव्हत्या. पाणी आडावरून नाहीतर नदीवरून यायचे. नंतर अंगणात नळ आला, मग गच्चीवर टाकी बसली, मग बोअर घेतली गेली. प्रत्येक पिढीने आधीच्या पाइपाला आपला पाइप जोडला. ब्रिटनमध्ये मुख्य वॉल बहुतेकदा स्वयंपाकघरातल्या सिंकखाली सापडतो. आपल्याकडे 'मुख्य' म्हणावेत असे दोन वॉल असतात, एक रस्त्याच्या लाइनवर आणि एक गच्चीवरच्या टाकीखाली; बोअर असेल तर तीन. माझ्या मते हे न उमगल्यानेच सगळी धावपळ होते. माणूस गच्चीवरचा वॉल बंद करून खाली येतो, तर स्वयंपाकघरातला पिण्याच्या पाण्याचा नळ वाहतोच आहे. कारण तो थेट रस्त्याच्या लाइनवर असतो.

शोध रस्त्यापासून सुरू करावा. जुन्या जाड भिंती फोडून पाइप आत घालणे अवघड, म्हणून तो बहुधा भिंतीच्या बाहेरून किंवा अंगणाच्या फरशीखालून गेलेला असतो. ओट्याच्या कडेला, मीटरजवळ, तुळशीवृंदावनामागे एखादी फरशी किंवा लोखंडी झाकण हलते का, ते पाहावे. फरशीखाली पाइप कुठे वळला हे कळत नसेल, तर पाणी सुटण्याच्या वेळी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पाइपावर टेकवून मूठ कानाशी धरावी. पोलादातून आवाज सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने धावतो आणि हवेतल्यासारखा चहूकडे विरत नाही; त्यामुळे पाणी वाहत असलेला पाइप खळखळ ऐकवतो, बंद पाइप गप्प राहतो. गच्चीवर काम सोपे आहे. टाकीच्या बुडाशी असलेला एकेक वॉल बंद करायचा, खाली कोणता नळ थांबला ते पाहायचे आणि वॉलवर रंगाने लिहून ठेवायचे. मोटर आपोआप चालू होणारी असेल, तर तिचे बटणही बंद करावे. नाहीतर टाकी रिकामी होत राहते आणि मोटर ती भरत राहते.

सापडलेला वॉल फिरेलच असे नाही. जुना गेट वॉल्व्ह म्हणजे आट्यांच्या दांड्यावर वर-खाली सरकणारी पितळी पाचर. आपल्या काळ्या खडकातले विहिरी-बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. त्यातला चुना आट्यांवर बसतो आणि वर्षानुवर्षे न हललेली पाचर जागच्या जागी धरते. पान्याने जोर लावला तर दांडा तुटतो, चाक हातात येते आणि पाणी चालूच राहते. थोडे पुढे, थोडे मागे, असे सबुरीने हलवावे. तरीही हलला नाही, तर वॉल बदलून बॉल वॉल्व्ह बसवणे शहाणपणाचे. त्याची दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद. अंधारातही हाताने कळते. ती झटकन मात्र फिरवू नये. वाहते पाणी एकदम अडले की दाबाची लाट उठते आणि पाइपात धडाका बसतो. मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९८ मध्ये याचे गणित मांडले. लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी क्षणात थांबले, तर दाब १० ते १३ बारने वाढतो. आधीच गंजलेल्या पाइपाला हा तडाखा सोसत नाही.

रस्त्याखालच्या मोठ्या लाइनवरच्या फेरुलला, म्हणजे घराची जोडणी निघते त्या सांध्याला, स्वतः हात लावू नये. त्यासाठी नगरपंचायतीच्या वॉलमनला बोलवावे आणि त्याचा नंबर दाराशी लिहून ठेवावा. थंडी पडण्याआधी एका रविवारी घरातल्या सगळ्यांना, आजीपासून शाळकरी पोरांपर्यंत, सगळे मुख्य वॉल दाखवा आणि प्रत्येकाकडून एकदा फिरवून घ्या.