सूक्ष्मदर्शक आणि दप्तर : स्त्रियांच्या कर्करोगसंशोधनाचा मागोवा

पुण्याहून मुंबईस जाणारा लोहमार्ग मावळ तालुक्यास मधोमध छेदीत जातो. तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली ही स्थानके मागे टाकून लोणावळ्यास येतो आणि तेथून घाट उतरतो. स्त्रियांच्या कर्करोगाविषयी महाराष्ट्रात गेल्या पाऊणशे-ऐंशी वर्षांत जे संशोधन झाले, त्याची एक बाजू या मार्गाच्या पुणे टोकाशी आणि दुसरी मुंबई टोकाशी बांधलेली आहे. मावळ मात्र वाटेवर असूनही त्या संशोधनाच्या दप्तरात क्वचितच आला. 'दप्तर' हा शब्द मी येथे हेतुपुरस्सर योजीत आहे, कारण या इतिहासाचे श्रेय आपण सूक्ष्मदर्शकाला सढळ हाताने देतो आणि नोंदवहीला देताना हात आखडता घेतो, अशी माझी समजूत झाली आहे.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, त्या वेळी त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. विकृतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची ख्याती होतीच. परंतु आपल्याकडील निरनिराळ्या समाजांत निरनिराळ्या अवयवांचे कर्करोग का आढळतात, हा प्रश्न त्यांनी आहारविहार आणि चालीरीती यांच्याशी जोडून विचारला, हे त्यांचे वैशिष्ट्य. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली ती त्यांच्याच प्रेरणेने, आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविलेल्या कमल रणदिवे यांनी भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा तेथे उभारली.

रणदिवेबाई मूळच्या पुण्याच्या. माहेरच्या त्या समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. हुजूरपागा, फर्ग्युसन आणि पुढे शेतकी महाविद्यालय असा त्यांचा शिक्षणक्रम झाला आणि पदव्युत्तर प्रबंधासाठी त्यांनी अभ्यासली ती सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. वनस्पतींच्या वंशपरंपरेकडून उंदरांच्या वंशपरंपरेकडे त्या वळल्या, हा बदल वरवर वाटतो तितका मोठा नव्हता. त्या काळी स्तनांच्या कर्करोगाविषयी उंदरांवरील प्रयोगांनी मोठे कोडे घातले होते : ज्या वाणात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, त्या वाणाची पिले जन्मतःच दुसऱ्या, निरोगी वाणाच्या मादीच्या दुधावर वाढविली तर त्यांतील रोगाचे प्रमाण घटते, असे अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखविले होते. म्हणजे जे रक्तातून आले असे वाटले, त्याचा काही भाग दुधातून, एका विषाणूच्या रूपाने आला होता. आनुवंशिकता, अंतःस्रावी रस आणि विषाणू या तिहींचा परस्परसंबंध उलगडणे हे रणदिवे यांनी आपले कार्य मानले. स्त्रियांच्या स्तनकर्करोगात असा दुधातून जाणारा विषाणू पुढे सिद्ध झाला नाही. आनुवंशिकतेचे त्यांचे सूत्र मात्र खरे ठरले, आणि ते अशा रीतीने की, १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर ज्याचे स्थान दाखविले, ते बीआरसीए-१ जनुक १९९४ मध्ये प्रत्यक्ष हाती आले आणि पाठोपाठ बीआरसीए-२ देखील. या जनुकांतील दोष स्तनांबरोबरच बीजाशयाच्या कर्करोगाचाही धोका वाढवितात, हे आता सर्वमान्य आहे.

रणदिवे उच्च अभ्यासासाठी बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत होत्या. त्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी तिच्या संमतीवाचून घेतल्या गेल्या आणि अखंड वाढत राहिल्या. त्या पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा अठरावा प्रकार आहे, हे कळावयास तीन दशके जावी लागली. हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३ मध्ये सोळावा आणि त्यानंतर अठरावा प्रकार वेगळा केला, त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु हा रोग संसर्गातून येत असावा, याचा पहिला सुगावा सूक्ष्मदर्शकाला लागलेला नव्हता. इटलीतील रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने व्हेरोना शहराची १७६० ते १८३९ या काळातील मृत्यूंची पुस्तके चाळून १८४२ मध्ये असे मांडले की, ब्रह्मचर्य पाळणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींत गर्भाशयाचा कर्करोग विरळा, स्तनांचा मात्र अधिक. मुंबईत १९६३ मध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिनेही असाच भेद दाखविला : पारशी स्त्रियांत स्तनकर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा ठळकपणे अधिक होते. उशिरा विवाह, थोडी अपत्ये, प्रथम प्रसूतीचे वाढते वय ही कारणे त्या आकड्यांतून पुढे आली. आज पुण्या-मुंबईच्या सर्वच समाजांत स्तनकर्करोगाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगास मागे टाकले आहे, ते पाहता पारशी समाज या बाबतीत आपल्या पुढे चालत होता, इतकेच म्हणावयाचे.

शहरात नोंद ठेवणे तुलनेने सोपे, कारण रुग्ण इस्पितळात स्वतः रुजू होतो. खेड्यात बाई येतच नाही. 'अंगावरून जाते' हे ती सुनेलाही सांगत नाही, आणि सांगते तेव्हा रोग कटिभागात पसरलेला असतो. या अडचणीवर सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये उपाय काढला. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे त्यांनी हाती घेतली आणि देशातील ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालविण्यासाठी कार्यकर्ते मुलकी पाहणीप्रमाणे गावोगाव, घरोघर पाठविले. लक्षणे विचारावयाची, संशयित बाईस समजावून बार्शीस तपासणीला आणावयाचे, मृत्यूंचा तपशील ग्रामपंचायतीच्या दाखल्यांशी ताडून पाहावयाचा. या नोंदणीचा हेतू मोजणे एवढाच होता. तरी काही वर्षांत असे दिसून आले की, कोणतीही सामूहिक तपासणी सुरू नसताना केवळ या विचारपुशीमुळे स्त्रिया रोगाच्या आधीच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. कस्तुरी जयंत आणि नेने यांनी तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. मोजणीनेच आजारावर परिणाम व्हावा, असे उदाहरण वैद्यकात सहसा सापडत नाही.

ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात जे मोठे परीक्षण झाले, ते याच पायावर. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, चार गट : विषाणूची चाचणी, पेशींची चाचणी, व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटास केवळ नेहमीची सेवा. एप्रिल २००९ मध्ये निष्कर्ष आला. विषाणूचाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. उरलेल्या दोन चाचण्यांचा एकवेळचा प्रयोग मृत्यूंत म्हणण्यासारखी घट करू शकला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र दहावी उत्तीर्ण कार्यकर्तींनी दर दोन वर्षांनी तीच व्हिनेगरची पाहणी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जाहीर केले.

दोन्ही परीक्षणांवर असा आक्षेप घेतला गेला की, उपाय ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना का ठेविले. देशात तशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती, हे संशोधकांचे उत्तर. ते खोटे नाही, परंतु त्याने समाधानही होत नाही. त्या ६४ जणींपैकी काही वाचल्या असत्या, हे त्याच आकडेवारीने सिद्ध केले आहे.

मानवी पॅपिलोमा विषाणूवरील लशीची कथा याहून चमत्कारिक आहे. सप्टेंबर २००९ मध्ये देशातील नऊ केंद्रांवर, त्यांत पुणे, मुंबई आणि बार्शी, १० ते १८ वयाच्या अविवाहित मुलींना दोन की तीन मात्रा पुरेत, हे पाहण्याचे परीक्षण सुरू झाले. तेवढ्यात आंध्र आणि गुजरात येथील एका निराळ्या लसीकरण प्रकल्पात काही मुली दगावल्या. ते मृत्यू लशीमुळे नव्हते असे चौकशीत आढळले, पण संमतीपत्रांतील हलगर्जीपणा उघड झाला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशातील अशा सर्व परीक्षणांत लस देणे थांबविले. १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. त्यांपैकी ४,९५० जणींच्या वाट्यास एकच मात्रा आली. संशोधकांनी बाड गुंडाळले असते तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी हजेरीपट जपून ठेवला, मुली लग्न होऊन परगावी गेल्या तरी त्यांचा पाठपुरावा केला, आणि २०२१ मध्ये असे निष्पन्न झाले की, सोळाव्या व अठराव्या प्रकाराच्या चिवट संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते. पुढील वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञमंडळाने एका मात्रेस मान्यता दिली, तेव्हा विचारात घेतलेल्या पुराव्यांत हाही होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'सर्व्हावॅक' ही देशी लस जाहीर केली.

मावळाविषयी सांगावयाचे ते थोडे आहे. पुण्याची कर्करोग नोंदणी शहरवस्तीपुरती. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या खोऱ्यांतील बाई तिच्यात येते ती शहरात बिऱ्हाड केले तरच. २०१६ पासून तीस वर्षांवरील स्त्रियांची मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी शासनाच्या धोरणात आहे. त्यासाठी आशाताई घरोघर जाऊन एक छापील पत्रक भरतात. स्तनात गाठ आहे का, पाळी गेल्यावर रक्तस्राव होतो का, हे त्यात विचारलेले आहे आणि योग्य विचारलेले आहे. आईवडील वा भावंडे यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे काय, हाही प्रश्न आहे. आई, बहीण वा मावशीला स्तनांचा किंवा बीजाशयाचा कर्करोग झाला होता काय, याला मात्र रकाना नाही. तो छापण्यास खर्च लागणार नाही. परंतु उत्तर 'होय' आले तर टाकव्याच्या किंवा येळशाच्या बाईस कोठे पाठवावयाचे, हे तालुक्याच्या आरोग्य खात्याला आधी ठरवावे लागेल, कारण जनुकांची तपासणी आणि तिच्या आधी-नंतरचा सल्ला यांसाठी तिला आजही पुणे गाठावे लागते, नाही तर घाट उतरून परळ किंवा खारघर येथील टाटा केंद्र.