आजाऱ्याची सेवा : दाराबाहेर नव्हे, खाटेजवळ

मिरजगावहून अत्यवस्थ रुग्णाला गाडीत घातले की गाडी बहुधा सोलापूर रस्त्याने थेट नगरला जाते. रुग्ण आयसीयूत, म्हणजे अतिदक्षता विभागात जातो आणि दार बंद होते. मग नातलगांचे जिन्यातले जगणे सुरू होते. चटई, डब्याची पिशवी, औषधांच्या चिठ्ठ्या आणि आत काय चालले आहे याचा घोर. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात करोना रुग्णांच्या अतिदक्षता विभागाला आग लागून ११ जण दगावले. तेव्हापासून तर आमच्या भागातील माणसाला त्या बंद दाराचीच धास्ती बसली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एका बांधवास न्यूमोनिया होऊन असेच न्यावे लागले. रुग्णालयाचे नाव घेण्यात अर्थ नाही, शिरस्ता बहुतेक ठिकाणी तोच. चार दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. नळी निघाली तसे बरळू लागले, सलाईन उपटू लागले. म्हणून हात खाटेला बांधले. वहिनींना दिवसातून दहा मिनिटे काचेतून पाहायला मिळे. बाहेर येऊन त्या आम्हांस म्हणत, "भाऊ, ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला." एका रात्री एका वयस्क सिस्टरांनी आपल्या जबाबदारीवर वहिनींना हात धुवायला लावून आत घेतले. वहिनींनी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि शेळी व्याली, दोन पिल्ले झाली, असे सांगत बसल्या. तासाभराने हात सोडता आले.

यात चमत्कार काही नाही. जबर आजार, औषधांची गुंगी, मोडलेली झोप, रात्रंदिवस दिवे आणि यंत्रांचे आवाज यांनी माणूस भ्रमतो. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. ते वेड नव्हे, पुष्कळदा ते ओसरते. मात्र वहिनींच्या अनुभवावरून हा हुकमी उपाय आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ब्राझीलमध्ये ३६ अतिदक्षता विभागांत नातलगांना दिवसाला १२ तासांपर्यंत बसू देऊन अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात भ्रम ठळकपणे घटल्याचे दिसले नाही. पण ज्या भीतीपोटी दार बंद ठेवतात, तो जंतुसंसर्गही वाढला नाही आणि नातलगांची घालमेल कमी झाली.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता, कोणी फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः आंघोळ घातली, उचलून मंचकावर निजवले. दोघेही पुरुष होते, हे आमच्या बांधवांनी ध्यानात घ्यावे. सेवा म्हटली की आपल्या घरात बाईलाच पुढे करतात. त्याच ग्रंथात चांगल्या सेवकाचे पाच गुण दिले आहेत. मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्राची किळस न बाळगणे हे त्यांत आहेच. पण औषध तयार करता यावे, आजाऱ्याला काय सोसते, काय सोसत नाही हे कळावे, हेही आहे. म्हणजे नुसती माया पुरत नाही, शिकावे लागते.

असे शिकवता येते. नूरा हेल्थ या संस्थेने २०१० नंतरच्या दशकात नारायण हेल्थच्या रुग्णालयांत नातलगांसाठी वर्ग सुरू केले. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाची काळजी कशी घ्यावी, हे तेथे दाखवू लागले.

आपल्याकडे वर्ग नसेल तर सिस्टरांना विचारावे. साबणाने हात धुऊन एका वेळी एकानेच बसावे. सर्दी-खोकला असलेल्याने जाऊच नये. रुग्णाला घरच्या नावाने हाक मारावी, वार आणि वेळ सांगावी. चष्मा, कानाचे यंत्र लागत असेल तर मागून लावावे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलावी लागते, तेव्हा सिस्टरांबरोबर हात लावावा. विचारल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, तो श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतते. नळ्या, बटणे यांना स्पर्श नको. अंगारा नि गंडा तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी खिशातही नेऊ नये! घरात शिकणारे पोर असेल तर त्याने वहीत रोजची हकीकत लिहावी. पुढे रुग्णाला हरवलेले दिवस जुळवायला ती उपयोगी पडते.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. नर्सची पदे रिकामी ठेवायची आणि आमच्या आयाबहिणींकडून फुकट बेडपॅन उचलून घ्यायचे, याला कोणी कुटुंबाचा सहभाग म्हणू नये. रोजंदारीवरचा माणूस खाटेजवळ बसला की चूल विझते. म्हणून भावकीने पाळ्या लावाव्यात, तरुण मंडळाने डबा पोचवावा. वहिनींच्या वेळी आम्ही ते केले, पण उशिराच केले.

ते बांधव घरी आले. यंत्र, डॉक्टर त्यांना काही आठवत नव्हते. कोणी तरी बांधून विहिरीत टाकले होते, एवढे आठवत होते. आणि शेळीची पिल्ले दाखवा म्हणत होते.