कुत्रा शिकला, हे ओळखावे कसे?

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत कुत्र्यावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. त्याचे उत्तर सोपे आहे. आपल्या सभासदांच्या कितीतरी घरांत आज कुत्रा दाराशी बांधलेला नसून घरातलाच एक होऊन राहिला आहे. मुले त्याला शिकवितात, वडीलमाणसे कौतुक करतात, आणि पाहुण्यांदेखत ‘बस’ म्हणताच तो बसला की साऱ्या घराला धन्यता वाटते. परंतु बसला म्हणजे शिकला काय? या एका प्रश्नाने आमच्या घरात दोन वर्षे जे घडविले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून हा प्रपंच.

प्रथम स्पर्धेविषयी दोन शब्द. कुत्र्यांच्या प्रदर्शनात रूप व बांधा पाहतात, हे सर्वांना ठाऊक आहे. आज्ञापालनाची परीक्षा निराळी. अमेरिकेत हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी १९३३ साली न्यूयॉर्क राज्यातील माउंट किस्को येथे अशी पहिली परीक्षा भरविली. त्या पूडल जातीची कुत्री पाळीत. ही कुत्री केवळ दिखाऊ आहेत असे लोक म्हणत, ते बाईंना खोटे ठरवावयाचे होते. कल्पना त्यांनी इंग्लंडातील परीक्षांवरून घेतली होती. पुढे १९३६ साली अमेरिकन केनेल क्लबने या परीक्षांचे नियम अधिकृत केले. आपल्या देशातील केनेल क्लब ऑफ इंडियाचा जन्म १८९६ चा, आणि त्याच्या प्रदर्शनांतूनही आज्ञापालनाच्या परीक्षा होतात.

अमेरिकन पद्धतीच्या पहिल्या पायरीत एकूण २०० गुण असतात. दोरी लावून मालकाच्या डाव्या पायाशी चालणे व आठाच्या आकड्यात वळणे यांस ४० गुण. परक्या माणसाने अंगाला हात लावला तरी स्थिर उभे राहणे, ३० गुण. दोरीविना पायाशी चालणे, ४० गुण. सुमारे ३० फुटांवरून हाक येताच धावत येऊन समोर नीट बसणे, ३० गुण. मालक दोरी आणावयास जाऊन परत येईतो जागेवर बसून राहणे, ३० गुण. आणि इतर कुत्र्यांच्या रांगेत बसणे व पडून राहणे, ३० गुण. उत्तीर्ण होण्यास १७० गुण लागतात. मात्र येथे एक मेख आहे: प्रत्येक प्रकारात निम्म्याहून अधिक गुण मिळालेच पाहिजेत. पाच प्रकारांत पहिला आणि सहाव्यात निम्म्यावरच अडलेला कुत्रा नापास होतो. शिवाय एकदा पास होऊन भागत नाही. किमान दोन निरनिराळ्या परीक्षकांसमोर मिळून तीनदा पास व्हावे, तेव्हा ‘कंपॅनियन डॉग’ ही पदवी मिळते. हा नियम आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. एकदा जमले ते नशीब असू शकते. तीनदा जमले ती विद्या.

आता आमची हकीकत. आमच्या नातवाने ‘मोती’ नावाचा कुत्रा मोठ्या हौसेने शिकविला. गच्चीवर तो एका हाकेत येई, बोट दाखविताच बसे. एका स्थानिक मेळाव्यात वर सांगितलेली गुणपत्रिका वापरून परीक्षा होती. त्यात आम्ही त्याला उतरविले. मैदानावर लाउडस्पीकर, शेंगदाणेवाले, चाळीस-पन्नास कुत्री. नातवाने हाक मारली. मोती गवत हुंगत राहिला. त्या प्रकारात शून्य. घरी आल्यावर आम्ही मुलालाही बोललो आणि कुत्र्यालाही. ‘येते सारे, पण हट्टी आहे,’ हा आमचा निर्णय. दुसऱ्या दिवसापासून हाक ऐकताच मोती शेपूट पायांत घालून येऊ लागला आणि नातवाने दोरी खुंटीवरून काढणेच सोडले. कुत्रा कोणाला तरी देऊन टाकावा, असेही बोलणे घरात झाले.

ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वान-प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे कुत्र्यांचे जाणकार आपल्या भागात अगदीच दुर्मिळ नाहीत. कुत्र्यांच्या पथकात नोकरी करून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या आळीत राहतात. सारे त्यांना दादासाहेब म्हणतात. त्यांनी नातवाला जवळ बसवून विचारले, “बाळ, दहा वेळा हाक मारलीस तर मोती पहिल्या हाकेला किती वेळा येतो?”

“नेहमीच येतो की, दादासाहेब.”

“गच्चीवर. आणि रस्त्यावर? बाजारात? दुसरा कुत्रा समोर असताना?”

नातू गप्प झाला. मग दादासाहेब आम्हांकडे वळून म्हणाले, “अहो, हट्टी म्हणण्याआधी मोजून तर पाहा.”

त्या दिवसापासून घरात एक वही आली. त्या वहीने आम्हांला जे शिकविले ते येथे क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, फक्त पहिली आज्ञा मोजावी. तीनदा ‘ये, ये, ये’ म्हटल्यावर आलेला कुत्रा ‘ये’ हा शब्द शिकला नसून तिसऱ्यांदा ऐकावे एवढेच शिकला आहे. एका बैठकीत दहा वेळा पाहावे आणि पहिल्या आज्ञेला किती वेळा बरोबर झाले तेवढाच आकडा लिहावा. गच्चीवर मोतीचे ९ भरले, घरासमोरच्या रस्त्यावर ४. म्हणजे तो हट्टी नव्हता. रस्त्यावरचा धडा त्याला कोणी दिलाच नव्हता. कुत्र्याची समजूत जागेला चिकटलेली असते. आपल्याला ‘बस’ म्हणजे बस. त्याला ते ‘गच्चीवर, संध्याकाळी, नातवासमोर बस’ असे असते.

दुसरी गोष्ट, एका वेळी एकच अडचण वाढवावी. वेळ, अंतर आणि भोवतालची गडबड या तीन अडचणी आहेत. अर्धा मिनिट बसणाऱ्या कुत्र्याला एक मिनिट बसवावयाचे असेल तर अंतर कमी करावे आणि जागा शांत निवडावी. आमचा ढोबळ नियम असा: लागोपाठ दोन बैठकींत दहांपैकी ८ बरोबर आले तर पुढची पायरी, ५ पेक्षा कमी आले तर एक पायरी मागे. मागे येणे हा पराभव नव्हे. कच्च्या पायावर भिंत न चढविण्याचेच ते शहाणपण होय.

तिसरी गोष्ट, कुत्रा शब्द ऐकतो की आपले शरीर वाचतो, हे तपासावे. बर्लिनमध्ये ‘हान्स’ नावाचा एक घोडा खुराने टापा देऊन गणिते सोडवी, अशी ख्याती होती. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसले तर घोड्यालाही ते येत नसे. योग्य टाप पडताच माणसाच्या मानेची व चेहऱ्याची नकळत हालचाल होई आणि घोडा तेवढी टिपून थांबे. त्यात फसवणूक नव्हती. माणसाला स्वतःचाच पत्ता नव्हता. आम्ही हात मागे बांधून ‘बस’ म्हटले आणि मोती आमच्याकडे नुसता पाहत राहिला! तो शब्द नव्हे, बोट शिकला होता. परीक्षेत शब्दाबरोबर बोटही हलले तर गुण जातात, म्हणून हे आधीच कळलेले बरे.

चौथी गोष्ट, शिकविण्याचा दिवस वेगळा आणि परीक्षेचा वेगळा ठेवावा. आठवड्यातून एकदा खाऊ हातात न धरता, आधी उजळणी न करता, नव्या जागी पहिलाच प्रयत्न कसा होतो ते पाहावे. मैदानावर परीक्षक दहा संधी देत नाहीत. मात्र रोज परीक्षा घेऊ नये. रोज उपटून मुळे पाहिली तर रोप वाढत नाही.

पाचवी गोष्ट, प्रत्येक प्रकाराचे तुकडे करावे. हाकेला येणे हा एक प्रकार दिसतो, पण त्यात थांबणे, तत्काळ निघणे, वेगाने येणे, जवळ व सरळ बसणे आणि शेवटी डाव्या बाजूस जाणे असे पाच तुकडे आहेत. ‘आज बिघडले’ असे लिहून काही कळत नाही. ‘निघाला लगेच, बसला दूर’ असे लिहिले की उद्या काय करावे ते कळते. दुसऱ्या कोणाकडून मोबाइलवर चित्रण करवून घ्यावे. त्यात कुत्र्यापेक्षा आपल्याच चुका अधिक दिसतात.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आकड्यांच्या शेजारी कुत्र्याची वृत्ती लिहावी. शेपूट, कान, वारंवार जांभया, ओठ चाटणे, तोंड फिरवणे ही ताणाची चिन्हे असू शकतात. बरोबर पण भीतभीत केलेले काम ही प्रगती नव्हे. चांगला चालणारा कुत्रा अचानक मागे पडला, तर आज्ञाभंग समजण्यापूर्वी पशुवैद्यांकडून कान, पाय व सांधे तपासून घ्यावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवर धडे घेऊच नयेत.

पुढच्या वर्षी मोती पुन्हा त्याच मेळाव्यात उतरला. दोरीसह चालणे ३६, स्थिर उभे राहणे २८, दोरीविना चालणे ३५, एकटे बसणे २९, रांगेतील बसणे-पडणे २९. हाकेला तो या वेळी पहिल्याच शब्दाला आला, पण रेंगाळत आला आणि हात पोहोचणार नाही इतका दूर बसला. त्याचे १४. बेरीज १७१, पासाच्या वर एक गुण. आणि तरीही नापास, कारण ३० पैकी १४ हे निम्म्याहूनही कमी!

आम्हांला वाटले, मुलगा रडेल. त्याने पिशवीतून वही काढली आणि शेवटचे पान आमच्यापुढे धरले. त्यावर त्याच्या हस्ताक्षरात लिहिले होते: ‘गर्दीत हाक, जवळ बसणे, दहांत ४.’ “आजोबा, परीक्षकांनी माझ्या वहीतलेच सांगितले,” तो म्हणाला, आणि मोतीच्या मानेला मिठी मारून त्याला पाणी पाजावयास घेऊन गेला. मोतीची शेपूट वर होती.

पदवी अजून मिळालेली नाही. मोजल्यावाचून दोष देऊ नये, हा धडा मात्र पदरात पडला. तो केवळ कुत्र्यापुरता नाही, हे सुज्ञ सभासदांना वेगळे सांगावयास नको.