ओठ हलले की इशारा

ऑगस्ट 2021. यवतमाळला आर्णी रोडवरच्या आमच्या घरी सकाळी साडेनऊलाच मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. एका ऑनलाइन परीक्षेच्या देखरेखीचं काम आलं होतं. पडद्यावर चोवीस चौकटी, प्रत्येकीत एक चेहरा.

परीक्षेशिवाय अंतिम वर्षाची पदवी देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 28 ऑगस्ट 2020 ला सांगितलं आणि कोरोनामुळं कॉलेजं बंद असल्यानं परीक्षा घरोघरी पोहोचली. घरी पुस्तक आहे, भाऊ आहे, दुसरा मोबाइल आहे. मग नक्कल रोखायची कशी? एप्रिल 2021 मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठानं कॅमेऱ्याच्या देखरेखीत परीक्षा घेतली. त्याच धर्तीवरची ही आमची.

आधी ओळखपत्रावरचा फोटो चेहऱ्याशी जुळवायचा. मग दर थोड्या वेळानं कॅमेरा आपोआप फोटो टिपतो. चेहरा चौकटीबाहेर गेला, दुसरा चेहरा दिसला, आवाज आला, दुसरी खिडकी उघडली की चौकट लाल. चौथ्या इशाऱ्याला पेपर आपोआप जमा. दोन मिनिटांत पर्यवेक्षकानं इशारा रद्द केला, तरच वाचायचा.

वर्गात फिरताना पोराच्या पाठीवरून, पेनाच्या थांबण्यावरून बरंच कळतं. इथं पाठ दिसत नाही, बाकाखालचे हात दिसत नाहीत. कॅमेऱ्यामागं ठेवलेला दुसरा मोबाइल तर दिसणं शक्यच नाही.

एक मुलगा उजेडाच्या नीटनेटक्या खोलीत बसला होता. शेवटपर्यंत एकही इशारा नाही. पण उत्तरांच्या वेळा पाहिल्या: पहिली वीस मिनिटं एकही उत्तर नाही, आणि मग तर्काचे अवघड प्रश्न सहा-सहा सेकंदांत. प्रश्न वाचायलाच तेवढा वेळ लागतो. संशय आला तो या आकड्यांवरून. कॅमेरा त्याच्यावर खूशच होता.

आणि मुकुटबनच्या पुढच्या एका खेड्यातली मुलगी सारखी लाल होत होती. 'आवाज.' पुन्हा 'आवाज.' मग 'दुसरी व्यक्ती.' तीन झाले. मी माइक सुरू करून म्हटलं, "बाळा, कोणाशी बोलतेस?"

"बोलत नाही सर, वाचून राहिली मी."

खरंच, तिचे ओठ हलत होते. बोट पडद्यावर ठेवून एकेक शब्द ती पुटपुटत होती. आपल्याकडची कितीतरी पोरं अशीच वाचतात. ओठ मिटले तर अर्थ निसटतो. नियमाप्रमाणं मला खोली बघावी लागली. "जरा मोबाइल फिरवून दाखव." तिनं फिरवला. सारवलेली भिंत, कोपऱ्यात फवारणीचा पंप, खताची पोती, दोरीवर ओले कपडे. खाटेवर गोधडी घेऊन बसलेली आजी. तीच ती 'दुसरी व्यक्ती.' आजीनं डोक्यावरचा पदर सावरला, कॅमेऱ्याकडं बघून हात जोडले.

मला फार वाईट वाटलं. कोणी न बोलावता मी त्या घरात शिरलो होतो, तेही संशय घेऊन. एकाच खोलीच्या घरात आजीनं जावं कुठं? बाहेर पाऊस. वेगळी खोली असणाऱ्याला ही यंत्रणा प्रामाणिक धरते आणि घर लहान असलं की खुणा लावत जाते, हे त्या क्षणी मला डोळ्यांनी दिसलं. देखरेख नको असं मी म्हणत नाही. रात्र-रात्र जागून अभ्यास करणाऱ्याचा हक्क नक्कल करणारा हिरावतो, आणि त्याला पकडलंच पाहिजे. पण प्रत्येकाला प्रश्नांचा क्रम वेगळा द्या, पाठ करून किंवा शोधून न मिळणारे प्रश्न काढा, संशय आला तर पाच मिनिटं तोंडी विचारा. लाल चौकट म्हणजे नुसती शंका. निर्णय माणसानं, बोलून घ्यावा.

मोबाइल फिरवताना चेहरा चौकटीबाहेर गेला आणि चौथा इशारा पडला होता. घड्याळात दोन मिनिटांतले चाळीस सेकंद उरले होते. मी इशारा रद्द केला. तिनं पुन्हा बोट पडद्यावर ठेवलं.

पेपर संपल्यावर शेऱ्याचे रकाने भरले. मुलापुढं लिहिलं: 'उत्तरांच्या वेळा तपासाव्यात, तोंडी परीक्षा घ्यावी.' मुलीपुढं: 'ओठ हलवून वाचते. खोलीत आजी बसलेली. गैरप्रकार नाही.'